मनातले चारचौघांत



मनाला कुंपण नाही. मनात काय चालले आहे ते शेजारी बसलेल्याला दिसत नाही, फौजदारालाही दिसत नाही. म्हणून मनातल्या मनात विचार करायला कोणाची परवानगी लागत नाही. फारसे धाडसही लागत नाही. धाडस लागते ते पुढच्या पायरीला. मनातले ओठावर आणायचे, तेही चुलीपाशी कुजबुजत नव्हे, तर चारचौघांत, आपल्या नावानिशी. उद्या लोक काय म्हणतील हे पक्के ठाऊक असताना बोलायचे. ही पायरी चढताना भल्याभल्यांचे पाय कापतात.

या धड्यात अशा एका माणसाची हकीकत सांगायची आहे, की ज्याची प्रेतयात्रा लोकांनी तो जिवंत असताना काढली. माणूस जिवंत, आणि पुण्याच्या रस्त्याने त्याच्या नावाची प्रेतयात्रा चाललेली! त्याने कोणाचा खून केला नव्हता. कोणाचे घर फोडले नव्हते. त्याने लिहिले होते. आपल्याला जे खरे वाटते ते त्याने लिहून, छापून लोकांच्या हातात दिले होते.

त्यांचे नाव गोपाळ गणेश आगरकर.

टेंभू हे नाव सातारा, सांगली, सोलापूर भागातल्या शेतकऱ्याला नवे नाही. टेंभूचे पाणी आले की नाही, हा तिकडे रोजचा विषय असतो. कृष्णाकाठचे कराड तालुक्यातले हे गाव. पाण्याची योजना झाली ती अलीकडे. त्याच्या कितीतरी आधी, १४ जुलै १८५६ रोजी, आगरकरांचा जन्म या गावी झाला. घरची गरिबी. कराडला राहून शिकले. मध्येच शिक्षण थांबे, मग कधी कचेरीत उमेदवारी कर, कधी दवाखान्यात कंपाउंडरचे काम कर, असे चाले. पण शिकायची जिद्द सुटली नाही. पुढे वऱ्हाडात अकोल्याला नातलगांकडे राहून ते १८७५ साली मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. कॉलेजात असताना अंगात घालायला एकच सदरा होता. तो रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच अंगात घालायचा, असे सांगतात.

अशा हालांतून ते एम.ए. झाले. त्या काळी एम.ए. झालेला माणूस म्हणजे काय! सरकारने बोलावून मोठ्या पगाराची जागा दिली असती. घरी आई वाट पाहत होती, की आता पोराला चांगली नोकरी लागेल, आपले पांग फिटतील. आगरकरांनी आईला पत्र लिहिले. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळाले की त्यात मी समाधान मानणार आणि बाकीचा वेळ लोकांच्या कामाला देणार, असा त्या पत्राचा आशय होता. ते पत्र वाचून त्या माउलीला काय वाटले असेल? लोक पत्र लिहिणाऱ्याची थोरवी गातात. आम्हांला त्या आईचीही आठवण येते. धाडस करणाऱ्याच्या घरच्या माणसांना त्याची किंमत न विचारता भरावी लागते.

पुण्यात त्यांना जोडीदार मिळाला तो बाळ गंगाधर टिळक. पुढे ज्यांना सारा देश लोकमान्य म्हणू लागला तेच. दोघे एकाच वर्षी, एकाच महिन्यात जन्मलेले. टिळक नऊ दिवसांनी धाकटे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि आणखी काही मंडळींबरोबर त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा चालवली. १८८१ च्या जानेवारीत या मंडळींनी दोन वर्तमानपत्रे काढली, मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा'. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर.

पहिल्याच वर्षा-दीड वर्षात एक प्रकरण अंगावर आले. हे प्रकरण जरा नीट वाचा. बोलण्याच्या स्वातंत्र्याची एक बाजू त्यात दिसते.

कोल्हापूरचे महाराज तेव्हा तरुण होते. त्यांची प्रकृती बरी नव्हती, आणि संस्थानचा कारभार दिवाण माधवराव बर्वे पाहत. दिवाण महाराजांचा छळ करतात, अशी बोलवा पुण्यात आली. काही पत्रेही हाती आली. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी दिवाणांवर टीका केली. हेतू चांगला होता. आपल्या राजाला त्रास होतो आहे, तर बोललेच पाहिजे, अशी तळमळ होती. पण दिवाणांनी बदनामीचा खटला भरला, आणि ज्या पत्रांवर भरवसा ठेवला होता ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली. तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात त्यांना ठेवले. १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबर १८८२ रोजी, ते सुटले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे एक पुस्तकही लिहिले.

तुरुंगात दोघांचे वाद चालत. देशाचे कसे होणार, समाजाचे कसे होणार, आधी काय करायचे, मग काय करायचे! रात्री हे वाद इतके चढत की पहारेकऱ्याला येऊन गप्प करावे लागे. दोन मित्र, एकच कोठडी, आणि मते निरनिराळी. पुढे काय होणार याची चुणूक तिथेच दिसते.

या खटल्यात आणखी एक गोष्ट घडली. ती आमच्या मते सोन्याच्या मोलाची आहे. जामीन द्यायला माणूस हवा होता. तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे पुढे आले. 'केसरी'वाल्यांचे आणि जोतीरावांचे फारसे पटत नव्हते. मते दोन टोकांची होती. पण खरे वाटते ते लिहिल्याबद्दल कोणी अडचणीत सापडला आहे म्हटल्यावर जोतीरावांनी मतभेद बाजूला ठेवला. माझ्या मताच्या माणसालाच बोलू द्या, असे म्हणणारे गल्लोगल्ली सापडतात. मला न पटणारे बोलणाऱ्याच्या मदतीला जाणारे थोडे.

इथे जरा थांबा. वर्गात एकमेकांना विचारा: आगरकर-टिळकांनी दिवाणांविषयी लिहिले ते बरोबर केले की नाही? घाईने उत्तर देऊ नका.

आमचे मत असे. वरिष्ठाविरुद्ध बोलायचे धाडस केले हे चांगले. पण कागद खरा की खोटा हे आधी तपासायला हवे होते. मत मांडणे वेगळे आणि एखाद्याने अमुक कृत्य केले असे सांगणे वेगळे. 'रस्त्याचे काम मला बरोबर वाटत नाही' हे मत झाले. 'अमक्याने रस्त्याचे पैसे खाल्ले' ही माहिती झाली, आणि माहितीला पुरावा लागतो. पहिले बोलायला धाडस पुरे. दुसरे बोलायला धाडसाच्या आधी खातरजमा हवी.

आज तर हे अधिकच ध्यानात ठेवायला हवे. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. कोणीतरी काहीतरी पाठवतो. खरे-खोटे न बघता आपण बोट लावतो आणि दहा जणांना पुढे ढकलतो. त्याला आपण मत मांडणे समजतो. छे! ते मत आपले नसते, माहिती आपण पाहिलेली नसते, आणि कधीकधी ज्याने लिहिले त्याचे नावही त्यावर नसते. आगरकर-टिळकांनी लिहिले ते निदान जबाबदारी घेऊन, आणि चुकले तेव्हा शिक्षाही भोगली.

आता पुढची हकीकत.

आगरकरांच्या मनाला एक गोष्ट फार लागली होती. ती म्हणजे आपल्या घरातल्या बायकांचे हाल. त्या काळी आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न होई. नवरा कधी दुप्पट, कधी तिप्पट वयाचा. तो मेला की ती पोर विधवा. खेळायच्या वयात विधवा! ब्राह्मण आणि आणखी काही जातींत तर न्हाव्याला बोलावून तिचे केस काढीत. याला केशवपन म्हणत. मग अंगावर लाल आलवण, एक वेळचे जेवण, आणि घरातले सारे कष्ट. शुभकार्यात तोंड दाखवायचे नाही. विधवेने पुन्हा लग्न करायला कायद्याची आडकाठी नव्हती. तसा कायदा आगरकरांच्या जन्माच्या वर्षीच, १८५६ साली, झाला होता. पण कायदा कागदावर आणि रूढी घरात. कागदापेक्षा घर जड.

लोकांना हे दिसत नव्हते असे नाही. कोणत्या बापाला आपली मुलगी अशी पाहून वाईट वाटले नसेल? पुष्कळ जण रात्री उशीत तोंड खुपसून रडले असतील. पण सकाळी उठून 'हे चूक आहे' असे म्हणायचे धाडस कोणाला होत नव्हते. शास्त्रात आहे, वाडवडील करीत आले, जात काय म्हणेल, बाकीच्या मुलींची लग्ने कशी होतील? तोंडाला कुलूप लागायला एवढी कारणे पुरतात.

आगरकर विचारीत: का? एखादी चाल जुनी आहे म्हणून ती चांगली कशी? वडिलांनी केले म्हणून आपण करायचे, तर देवाने आपल्याला डोके दिले ते कशाला? (देव शब्द आमचा. आगरकर बुद्धीला पटेल तेवढेच मानणारे होते, आणि देवाधर्माच्या बाबतीतही त्यांनी बुद्धीचीच साक्ष काढली.) मुलींना मुलांसारखे शिकवा, दोघांना एका शाळेत शिकवा, लहानपणी लग्ने लावू नका, विधवेचे केस काढू नका, तिला लग्न करावेसे वाटले तर करू द्या. आज हे वाचून तुम्ही म्हणाल, यात एवढे काय? त्या काळी यात सगळे होते.

पण अडचण अशी की 'केसरी' एकट्या आगरकरांचा नव्हता. तो साऱ्या मित्रमंडळींचा होता आणि मंडळींची मते एक नव्हती.

टिळकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ती हलकी नव्हती. ते म्हणत, आधी देश परक्याच्या हातातून सोडवू. घरातल्या सुधारणा लोकांना शिकवून, समजावून हळूहळू होतील. त्या करायला इंग्रज सरकारला बोलावू नका, नाहीतर आपल्या घरात परक्याचा पाय पडेल. आगरकर म्हणत, त्या पोरीने किती दिवस वाट पाहायची? समजावून होत नसेल तर कायदा करा, मग तो करणारे सरकार कोणाचेही असो. दोघेही देशाचे भले इच्छिणारे. दोघेही स्वार्थ सोडलेले. तरी वाट फुटली ती फुटलीच.

सामायिक पत्रात बसून दुसऱ्याचे मत आपल्या लेखणीने लिहायचे, किंवा आपले मत गिळायचे, हे आगरकरांना जमणारे नव्हते. १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला. आणि पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १८८८ मध्ये, आपले स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याचे नाव 'सुधारक'. त्यात मराठी मजकूर असे आणि इंग्रजीही असे. इंग्रजी भागासाठी पुढे फार मोठे झालेले गोपाळ कृष्ण गोखले यांची मदत होती. पैसा गाठीला नव्हता. पाठीशी कोणी धनवान नव्हता. प्रकृतीही साथ देत नव्हती, दम्याने शरीर पोखरलेले होते. एवढ्या भांडवलावर माणसाने पत्र काढले.

मग जे व्हायचे ते झाले. शिव्यांचा पाऊस पडला. पत्रांतून टीका आली. जुने मित्र दुरावले. धर्मबुडवा म्हणून नावे ठेवली, आणि वर सांगितली ती प्रेतयात्रा निघाली. आपण मेलो तर लोक कसे वागतील हे कोणाला पाहायला मिळत नाही. आगरकरांना ते पाहायला मिळाले! पण 'सुधारक' थांबला नाही. दुसऱ्या आठवड्याला पुन्हा अंक, पुन्हा तेच. विरोधकांनी मांडलेल्या मुद्द्याला मुद्द्याने उत्तर, कधी थट्टा, कधी चिमटा. त्यांची लेखणी मऊ होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. समोरच्याला चांगलेच झोंबेल असे ते लिहीत. कधीकधी वाटते, थोडे सबुरीने लिहिले असते तर आणखी चार माणसे जवळ आली असती. पण हे घरी बसून म्हणणे सोपे आहे. ज्याला दगड बसतात त्याने किती मऊ बोलावे, हे आपण कोण ठरवणार?

१८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. आणि १७ जून १८९५ रोजी वारले. चाळिशीही पाहिली नाही. एकोणचाळीस पुरी व्हायला महिना कमी होता. आपल्या मागे कोणावर भार पडू नये म्हणून अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी उशाशी बांधून ठेवले होते, असे सांगतात. आणि 'केसरी'त मृत्युलेख सांगताना टिळकांच्या डोळ्यांना धार लागली होती, असेही सांगतात. आठ-आठ दिवसाला एकमेकांची मते खोडून काढणारे हे दोघे. एकमेकांचे बोलणे त्यांनी खोडले, बोलण्याचा हक्क खोडला नाही.

आता हिशेब पाहू. आगरकर हयात असताना, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीशी शरीरसंबंधाचे वय दहावरून बारा केले. एवढ्या दोन वर्षांसाठी केवढे रण माजले होते! टिळक विरोधात, आगरकर बाजूने. पुढे १९२९ साली कायदा झाला, तो मुलीच्या लग्नाचे वय चौदा आणि मुलाचे अठरा करणारा. १९७८ साली ते अठरा आणि एकवीस झाले. आणि २००६ च्या कायद्याने बालविवाह लावून देणाऱ्यांवरची शिक्षा कडक केली. ज्या मतासाठी प्रेतयात्रा निघाली, ते मत आता कायदा आहे. मुले-मुली एका बाकावर बसून शिकतात, याचे कोणाला नवल वाटत नाही. केशवपन तर आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते.

आपण म्हणाल, हे पुण्यामुंबईचे, शिकल्यासवरल्या लोकांचे झाले. गावात असे कोण करतो?

गावात झाले आहे, आणि फार जुनी गोष्ट नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. केशवपन गेले तरी दुसऱ्या चाली राहिल्याच होत्या. नवरा गेला की प्रेतापाशीच बायकोच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचे, मंगळसूत्र तोडायचे, जोडवी काढायची. कोरोनाच्या साथीत कितीतरी तरुण बायका विधवा झाल्या, आणि हे सारे पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर घडले. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या लोकांनी ग्रामसभेत ठराव केला, की या चाली आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढले आणि इतर ग्रामपंचायतींनीही असे करावे असे सांगितले. आगरकरांनी जे छापखान्यातून सांगितले ते एका गावाने आपल्या सभेत सांगितले. ठरावाने सगळे एका दिवसात बदलते असे नाही. पण चालीचे नाव घेऊन ती नको, असे गावाने एकत्र बसून म्हटले. त्यासाठी कोणाला तरी आधी तोंड उघडावे लागले असणार.

ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यांत पुष्कळ जणांचा घोटाळा होतो. ग्रामपंचायत म्हणजे निवडून दिलेले पंच. ग्रामसभा म्हणजे मतदारयादीत नाव असलेले गावातले सगळे, तुम्ही आणि आम्ही. वर्षातून निदान चार वेळा ती भरली पाहिजे. तिच्या आधी बायकांची वेगळी सभा भरवायची असते, कारण पुरुषांपुढे बोलायला बाया कचरतात. सभेत बोलणे हा कोणाचा उपकार नाही. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक नागरिकाला बोलण्याचे आणि मत मांडण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याला काही मर्यादा घातल्या आहेत, आणि त्यांत बदनामीची मर्यादाही आहे. डोंगरीची हकीकत आम्ही एवढी लांबवली ती यासाठीच.

आम्ही एका गावी नोकरीस असताना पाण्याच्या टाकीची जागा ठरवायची सभा पाहिली आहे. जागा सखल होती. वरच्या आळीला तिथून पाणी चढणार नाही, हे पोरासोरांनाही कळत होते. पण जागा सुचवणारा वजनदार होता. 'सर्वांना मान्य?' असे विचारल्याबरोबर सगळे हात वर! सभा सुटली आणि पारावर जो तो म्हणू लागला, 'हे काय खरं नाही.' वरच्या आळीची एक म्हातारी आम्हांला म्हणाली, "गुरुजी, हात वर केला म्हून काय झालं? मन कुठं वर केलं हुतं?" टाकी झाली. वरच्या आळीच्या बायका कितीतरी उन्हाळे कळशी डोक्यावर घेऊन चढ चढत होत्या.

लोक का गप्प बसले? भीती होती. उद्या उसने मिळणार नाही, ट्रॅक्टर मिळणार नाही, पोराच्या लग्नाला भावकी येणार नाही. गावात भीती तलवारीची नसते, तोंड फिरवण्याची असते. आणि ही भीती खोटी नाही. वेगळे बोलले म्हणून, जातीबाहेर लग्न केले म्हणून घराला वाळीत टाकणारे जातपंच आपल्याकडे होऊन गेले. किराणा बंद, पाणी बंद, मयताला खांदा बंद. पण आता त्यावर कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते, नाहीतर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करता येते. आगरकरांच्या वेळी हा आधार नव्हता.

तुम्ही आता वाचायला-लिहायला शिकला आहात, त्याचा इथे उपयोग होतो. तोंडाने बोलायला जीभ अडखळली तर कागदावर लिहा. 'मला टाकीची ही जागा पटत नाही, कारण वरच्या आळीला तिथून पाणी चढणार नाही,' असे एक वाक्य लिहा, खाली आपले नाव लिहा. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सभेत विरोध केला असेल तर तो प्रोसिडिंगात लिहिला की नाही ते विचारा. गावात अजून ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणतो ते रागावले तरी विचारा, रागावणे हे काही उत्तर नव्हे. आणि काय लिहिले आहे ते वाचल्याखेरीज अंगठा नको, सहीही नको. ज्याला वाचता येते त्याने शेजाऱ्यालाही वाचून दाखवावे.

आणखी एक सांगतो, घरातल्या कर्त्या पुरुषांना राग आला तरी चालेल. सभेत सरपंचाला प्रश्न विचारणारा माणूस घरी आला आणि बायको म्हणाली, 'पोरीला अजून शिकवू या, लग्नाची घाई नको', तर तो काय म्हणतो? 'तुला काय कळतंय, गप बस!' जे स्वातंत्र्य त्याने चावडीवर मागितले ते उंबऱ्याच्या आत शिरू दिले नाही. सुनेचे म्हणणे पटलेच पाहिजे असे नाही. पण ते तिने पुरे बोलून होईपर्यंत ऐकायला काय हरकत आहे? मग पटले नाही तर का पटले नाही ते सांगा. मुलानेही 'का?' विचारले तर त्याला उलट बोलतो म्हणून थोबाडीत देऊ नका. आम्ही अडतीस वर्षे शाळेत काढली. उत्तरे पाठ केलेली मुले पुष्कळ पाहिली. प्रश्न विचारणारी थोडी, आणि तीच अजून नावानिशी आठवतात.

ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागते. येत्या सभेची लागली की तिच्यातले विषय आपापल्या वहीत उतरवून वर्गात आणा. एकेक विषय फळ्यावर लिहू, आणि त्यावर ज्याला जे वाटते ते त्याने उभे राहून बोलायचे. कोणाच्या मध्ये कोणी बोलायचे नाही. पहिल्यांदा बायका बोलतील.